जुलैत फुगलेलं चाक: घरच्या घरी रेझिनचे सुटे भाग ओतताना

तुझा प्रश्न थोडक्यात असा. १/७२ मापाचं डाकोटाचं मॉडेल जोडतोयस, आपल्या नागपूरच्या रात्रीच्या टपालाचं विमान म्हणून. मुख्य चाकांपैकी एक हरवलं. उरलेल्या चाकावरून सिलिकॉनचा साचा काढलास आणि ऑनलाइन मागवलेलं दोन बाटल्यांचं पॉलियुरेथेन रेझिन त्यात ओतलंस. जुलैत तीनदा केलंस, तिन्ही वेळा पावासारखं फुगलेलं, आतून जाळीदार चाक हाती आलं. आता बुडबुडे काढायला व्हॅक्यूम पंप घ्यावा का, असं विचारतोस.

नको घेऊ. निदान या दुखण्यासाठी तरी नको. तुझ्या चाकात हवा अडकलेली नाही, तुझ्या रेझिनला पाणी लागलंय. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि नवीन माणूस नेमका इथेच फसतो. मीही फसलो होतो. पहिला पावसाळाभर मी रेझिन हळू ढवळत बसलो, धार बारीक करत बसलो, आणि चाकं आपली फुगतच राहिली.

आधी बिघाड ओळखायला शीक. खराब निघालेला भाग फेकू नकोस, ब्लेडने मधोमध काप आणि भिंगाखाली बघ. आरपार सगळीकडे बारीक, सारख्या आकाराची भोकं असतील, स्पंजासारखी, तर ते पाणी. पॉलियुरेथेनच्या दोन बाटल्यांपैकी एकीत आयसोसायनेट असतं. ते पाण्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि रेझिन घट्ट होता होता आतून फुगतं. गादीचा फोम याच तत्त्वावर करतात, तुझं चाक त्याच जातीचं झालं. एखाद्या कोपऱ्यात किंवा वरच्या कडेला एकच मोठा खड्डा असेल आणि बाकी अंग भरीव, तर ती अडकलेली हवा. तिला बाहेर पडायला वाट नव्हती. आणि भागाच्या पृष्ठभागावर खड्ड्यांऐवजी मोहरीएवढे फोड आले असतील, तर दोष रेझिनचा नाहीच. सिलिकॉन ओतताना मूळ नमुन्याला चिकटून बुडबुडे राहिले, साच्यात पोकळ्या पडल्या आणि रेझिनने त्या इमानदारीने भरल्या. पाहिलंस ना? पंपाचा उपयोग झाला तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात होईल. तुझा पहिला आहे.

आता पाणी येतं कुठून? जुलैत नागपुरात हवाच ओली. पण नुसत्या हवेने दोन-तीन मिनिटांत सहसा एवढं बिघडत नाही. बहुतेक ओल आपणच हाताने आत घालतो. आइस्क्रीमच्या लाकडी काडीने ढवळतोस ना? ती काडी पावसाळ्यात पाणी पिऊन बसलेली असते. कागदी कपाचंही तेच. प्लास्टिकचे औषधाचे कप घे आणि ढवळायला स्टीलचा चमचा किंवा सायकलची जुनी आरी. साचा धुतला असशील तर तो पूर्ण सुकलाय याची खात्री कर. सुटं निघावं म्हणून साच्यात पावडर मारत असशील तर डब्यावरचं लेबल वाच. हल्ली लहान मुलांच्या बऱ्याच पावडरी मक्याच्या स्टार्चच्या असतात आणि स्टार्च ओल धरतं. टाल्क असेल तीच घे, तीही तव्यावर दोन मिनिटं कोरडी गरम करून. आणि बाटली. पहिल्यांदा उघडल्यापासून प्रत्येक वेळी तिच्यात ओली हवा शिरते. काम झालं की बाटली दाबून आतली हवा काढ, बूच घट्ट लाव आणि सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव. आयसोसायनेटच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरा खडा धरला असेल, तर ती बाटली ओल लागून खराब व्हायला लागली असं समज.

एक कारण लोकांच्या लक्षातच येत नाही: नवा साचा. आपल्याकडे सहज मिळणारं पांढरं सिलिकॉन, ज्यात शेकड्याला दोन-चार भाग कॅटॅलिस्ट (घट्ट करणारा द्रव) घालतात, ते टिनच्या कॅटॅलिस्टने घट्ट होणारं असतं. घट्ट होताना त्यातून अल्कोहोल सुटतं आणि साचा हाताला कोरडा लागला तरी ते एक-दोन दिवस बाहेर येत राहतं. आयसोसायनेटला पाण्याइतकंच अल्कोहोलही चालतं. रात्री साचा केला, सकाळी ओतलं, की चाकाचा पृष्ठभाग चिकट किंवा भोकाभोकांचा येतो आणि आपण रेझिनवाल्याला शिव्या घालतो. साचा उघडल्यावर निदान दोन दिवस तसाच उघडा ठेव. घाई असेल तर साठ अंशाच्या आसपास तीन-चार तास तापव. मे महिन्यात मी स्टीलच्या डब्यात घालून गच्चीवर ठेवतो, नागपूरचं ऊन फुकटची भट्टी आहे. पावसाळ्यात पत्र्याच्या डब्यात जुना पिवळा बल्ब लावून भागवतो. स्वयंपाकघरातला ओव्हन नको.

उन्हाळ्याचा विषय निघालाच आहे तर कूलरबद्दल बोलूनच टाकतो, कारण पुण्या-मुंबईचे लोक तुला हे सांगणार नाहीत. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ अंश आणि हवा खडखडीत कोरडी. पॉलियुरेथेनला कोरडी हवा एकदम पसंत. पण आपण काय करतो, खोलीत कूलर लावतो, म्हणजे ओल्या गवतातून गाळलेली हवा खोलीत भरतो, आणि त्याच हवेत रेझिन ओततो. मी एका मेमध्ये असंच केलं, जुलैसारखाच स्पंज निघाला आणि डोकं धरून बसलो, कारण बाहेर तर पाण्याचा टिपूस नव्हता. कूलर बंद कर, अर्धा तास खिडक्या उघड्या ठेव, मग ओत. अडचण एवढीच की कूलर बंद म्हणजे खोली चाळिशीत, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की रेझिन हातात राहायचा वेळ साधारण निम्मा होतो. बाटलीवर तीन मिनिटं लिहिलं असेल तर ते पंचवीस अंशाचं गणित आहे. आपल्या मेमधल्या दुपारी तुला मिनिटभर मिळेल, तेही मिळालं तर. म्हणून उन्हाळ्यात पहाटे सहाला ओत. बंद बाटल्या आदल्या रात्री माठाशेजारी ठेवल्या तरी फरक पडतो. फ्रिजमध्ये ठेवू नकोस; थंड बाटली उघडली की आतल्या बाजूने दव धरतं, म्हणजे पुन्हा पाणीच.

खरं सांगायचं तर नागपुरात ओतकामाचे दिवस दिवाळी ते होळी. जुलैत साचे करून ठेवावेत. टिनच्या सिलिकॉनला घट्ट व्हायला उलट थोडी ओल लागतेच, त्यामुळे पावसाळ्यात साचे छान आणि लवकर होतात. रेझिन मात्र नोव्हेंबरपर्यंत डब्यात झोपू दे. एवढा धीर नसेल तर पावसाळ्यात इपॉक्सी वापर. ते चोवीस तास घेतं, पण ओलीने असं फुगत नाही. थांब, लगेच ऑर्डर देऊ नकोस, इपॉक्सीची गोची पुढे सांगतो.

आता साच्याकडे येऊ, कारण पाण्याचा बंदोबस्त झाल्यावर तुझं दुखणं क्रमांक दोन, म्हणजे अडकलेली हवा, डोकं वर काढणारच.

डाकोटाचं मुख्य चाक खऱ्या विमानावर सुमारे ४५ इंच व्यासाचं. ७२ ने भाग, म्हणजे तुझं चाक जेमतेम १६ मिलिमीटर. तू ते आडवं ठेवून, हब (चाकाचा मधला भाग) वर करून उघडा साचा केला असशील, बहुतेक जण तेच करतात. त्यात मागची बाजू सपाट येते आणि रबराची गोलाई अर्धीच मिळते. चाक उभं ठेव. खऱ्या विमानाचं वजन टायरवर आलं की टायर जमिनीपाशी थोडा चपटा होतो, आणि मॉडेलवरही तो चपटा दिसायलाच हवा. म्हणजे चाकाचा एक इंचभर भाग, तुझ्या मापात चिमूटभर, तू कानशीने घासणारच आहेस. मग रेझिन आत जायचं तोंड नेमकं तिथेच ठेव. मूळ चाकाच्या त्या जागी तीन-चार मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा ठोकळा चिकटव आणि त्याच्या शेजारी, चाकाच्या त्याच कडेला, एक बारीक तार. ठोकळा म्हणजे ओतायची वाट, तार म्हणजे हवेची वाट. साचा उलटा केला की दोन्ही वाटा वर आणि चाक खाली लटकलेलं. ओतल्यावर निघणारं शेपूट कापून घासलंस की आपोआप चपटा टायर. ही युक्ती मला सुचली नाही, वर्षानुवर्षं विकत मिळणारी रेझिनची चाकं बघून कळली. चांगल्या चाकांचं शेपूट बहुतेक तिथेच असतं.

ठोकळा खाली ठेवून चाक एका चौकोनी डबीच्या तळाशी उभं चिकटव. डबी कार्डाची किंवा पोरांच्या जोडठोकळ्यांची केलीस तरी चालेल, फक्त कोपरे ग्लू गनने बंद कर. एकदा माझा गळका डबा रात्रभर टेबलावरून जमिनीवर सिलिकॉन सोडत राहिला आणि सकाळी फरशीचा हुबेहूब साचा मिळाला. चाकाभोवती सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर जागा सोड. किती सिलिकॉन लागेल ते कळायला डबी कोरडी असतानाच तीत मोहरी भर आणि ती मोहरी मापात ओतून बघ. तुझ्या चाकाला चाळीस-पन्नास ग्रॅम पुरेल. ५० ग्रॅमला ३ टक्के म्हणजे दीड ग्रॅम कॅटॅलिस्ट. हे अंदाजाने थेंब मोजून जमत नाही, सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घे, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा. या छंदात मी घेतलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात जास्त वसूल झालेली वस्तू तीच.

सिलिकॉनचा पहिला हात मऊ ब्रशने चाकाला फासून घे, हबच्या खाचांत नीट. फुंकर मारून बुडबुडे फोड. मग उरलेलं डबीच्या एका कोपऱ्यात, फूटभर उंचीवरून, सुतासारख्या धारेने सोड. एवढ्या बारीक धारेत बुडबुडा टिकत नाही, आणि सिलिकॉन तळातून वर चढत हवा पुढे ढकलत जातं. पंपाशिवाय माझी वीस-पंचवीस वर्षं याच दोन गोष्टींवर निघाली. पुढे पंप घेतलाच तर लक्षात ठेव, हवा काढलेल्या भांड्यात सिलिकॉन तीन-चारपट उफाळतं, भांडं मोठं लागतं.

घट्ट झाल्यावर ठोकळ्याच्या बाजूने धारदार ब्लेडने साचा चीर, पण पूर्ण नाही. दोन तृतीयांश खोल, आणि सरळ नाही तर वेडीवाकडी. नागमोडी चिरेचे काठ एकमेकांत आपापल्या जागी बसतात, सरळ चीर सरकते आणि टायरवर पायरी येते. चीर टायरच्या मधल्या रेषेवरून जाऊ दे, तिथली शिवण घासायला सोपी. साचा बंद करताना दोन्ही बाजूंना प्लास्टिकची पट्टी लावून रबर बँड गुंडाळ, तोही सैलसर. मी सुरुवातीला कचकचीत आवळायचो, आणि चाकं अंड्यासारखी निघायची.

काहीजण दोन भागांचा साचा करायला सांगतील, मेणमातीत अर्धं चाक बसवून. इंजिनासाठी किंवा सीटसाठी ते बरं, एका चाकासाठी फार उपद्व्याप. तरीही केलंस तर दोन गोष्टी पाळ. दुसरा भाग ओतण्याआधी पहिल्यावर व्हॅसलिनचा पातळ हात, कारण सिलिकॉन दुसऱ्या कशाला सहसा चिकटत नाही, सिलिकॉनला मात्र असं चिकटतं की करवतीशिवाय सुटत नाही. आणि महागडं प्लॅटिनमवालं सिलिकॉन आणलं असशील तर मेणमाती गंधक नसलेली हवी, हातमोजेही लॅटेक्सचे नकोत. गंधक लागलं की प्लॅटिनम सिलिकॉन तिथे घट्टच होत नाही, नमुन्यावर चिकट राड होते. थ्री-डी प्रिंटरच्या रेझिनने काढलेल्या नमुन्यावरही हाच तमाशा होतो. त्याला टिनचं सिलिकॉन बरं. मातीच्या बाबतीत मन मोकळं ठेव. मला साच्याची अर्धी अक्कल नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत मूर्तिकारांच्या दारात उभं राहून आली: नमुना साच्यातून कुठल्या दिशेने निघेल हे माती लावण्याआधी ठरवायचं. विमानाच्या चाकालाही तेच लागू आहे, गणपतीच्या सोंडेलाही.

ओतायच्या दिवशी साच्यात टाल्क मार, झटकून टाक, पांढरा थर दिसायला नको. ती नुसती सुटं निघायला नसते. तिच्यामुळे रेझिन बारीक खाचांत ओढलं जातं. आता तुझ्या चाकात मिळून एक ग्रॅमच्या आसपास रेझिन बसतं, आणि तू तेवढंच मिसळलं असशील. तेही चुकतं. अर्धा-अर्धा ग्रॅम मोजताना थेंबभर इकडे-तिकडे झालं की प्रमाण दहा टक्क्यांनी बिघडलं, भाग कायमचा चिवट राहतो. निदान दहा ग्रॅम मिसळ, आणि उरलेल्यासाठी दुसरे साचे शेजारी मांडून ठेव, सीट, शेपटाचं चाक, काही का असेना. प्रमाण वजनाचं की मापाचं हे बाटलीवर बघ, दोन्हीत फरक असतो. कपाच्या कडा आणि तळ खरवडत ढवळ, अर्धं मिनिट. तोंडातून एका बाजूने ओत, दुसऱ्या वाटेतून रेझिन वर डोकावेपर्यंत. मग साचा बोटांनी दोन-तीनदा हलकेच दाब, सोड, आणि स्टीलच्या तारेने वाट डिवच. हवा कुठे असेल तर बुडबुडा वर येतो.

मग थांब. कपातलं उरलेलं रेझिन दहा मिनिटांत गरम होऊन दगड झालं म्हणून साचा उघडू नकोस. मोठ्या गोळ्यात उष्णता साठते म्हणून तो लवकर घट्ट होतो; चाकात ग्रॅमभर माल, उष्णता सिलिकॉनमध्ये निघून जाते, त्याला तिप्पट-चौपट वेळ लागतो. थंडीत तर साचा आधी कोमट करूनच ओतावं. अर्धवट घट्ट चाक ओढून काढलंस की ते वाकतं आणि तसंच वाकडं कडक होतं.

इपॉक्सीची गोची सांगायची राहिली. शोभेच्या कामाला मिळणारी बरीच इपॉक्सी ५० अंशांच्या आसपास मऊ पडतात. पत्र्याच्या कपाटात, पश्चिमेच्या भिंतीला, मेमधल्या नागपुरात ५० अंश म्हणजे काही फार नाही. माझं कॅनबेरा बॉम्बरचं मॉडेल, ज्यावर मी पूर्ण पावसाळा घालवला होता, उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ दिवस बाहेरगावी गेलो तर परत येईतो गुडघे टेकून बसलेलं. पाय इपॉक्सीचे ओतले होते, विमानाचा भार तिथेच. चाक, सीट, इंजिन, नळकांडी इपॉक्सीची चालतील. वजन पेलणारे पाय ओतायचेच असतील तर साच्यात आधी स्टीलची तार किंवा शिवणाची सुई बसव आणि भोवती रेझिन ओत. पॉलियुरेथेनच्या पायांनाही मी आता तारेशिवाय सोडत नाही. फायबरवाल्यांकडचं स्वस्त पॉलिएस्टर या कामाला घेऊ नकोस. आकसतं, वास घरभर महिनाभर राहतो, आणि त्यातला कोबाल्टचा एक्सलरेटर आणि हार्डनर चुकून एकमेकांत थेट मिसळले तर पेट घेतात.

तब्येतीचंही एवढ्यातच. आयसोसायनेटची ॲलर्जी एकदा अंगाला चिकटली की आयुष्यभर सुटत नाही, दमाही होऊ शकतो. नायट्राइलचे हातमोजे, उघडी खिडकी, आणि घासताना पाण्यात घासणं. कोरडी धूळ नाकात नको. आईच्या स्वयंपाकघरात तर हे काम नाहीच.

आकसण्याची काळजी करतोयस असं तुझ्या शेवटच्या ओळीवरून वाटलं. टिनचं सिलिकॉन हजारात चार-पाच भाग आकसतं. सोळा मिलिमीटरला ते केसाच्या जाडीएवढं झालं, डोळ्याला कळणार नाही. पण एक चाक मूळ आणि एक ओतीव असं बसवू नकोस. मापामुळे नाही, पृष्ठभागामुळे. किटचं प्लास्टिक आणि रेझिन रंग वेगळा घेतात आणि घासलेला चपटा भागही दोघांचा जुळत नाही. आणि डाकोटाची चाकं उडतानासुद्धा पूर्ण आत जात नाहीत, खालून अर्धी बाहेरच राहतात. म्हणजे तू विमान स्टँडवर उडतं दाखवलंस तरी ती दिसणारच. १९४९ पासून चारही महानगरांची टपाल विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरून थैल्यांची अदलाबदल करायची. तू तो देखावा करणार असशील तर धावपट्टीवरच्या एका डाकोटाने काय होणार आहे! दोन्ही चाकं एकाच साच्यातून काढ, चार जास्तीची काढ, आणि मूळ चाक डबीत चिठ्ठी लावून ठेवून दे. साचा वर्षा-दोन वर्षांत फाटायला लागेल, तेव्हा नवा काढायला तेच लागेल. ओतीव चाकावरून परत साचा काढलास तर आकसणं दुप्पट होतं.